सान रोकेच्या दिवशीचे गोडे पाणी

"दोनशे बारा," डॉन एलेउतेरिओ म्हणाला. "लिहून घ्या, इंजिनियर. गोडं पाणी दोनशे बारा मीटरवरच लागलं होतं. माझ्या शेळ्यांना मी स्वतः पाजलंय."

"तुझ्या शेळ्या साबणसुद्धा खातात," त्याच्या ताटलीत सूप वाढत दोन्या कासिल्दा म्हणाली.

शाळेच्या पडवीत बसलेले सगळे हसले. इंजिनियर रेनान ओरेयाना मात्र हसला नाही. त्याच्यासमोर टेबलावर पिवळे पडलेले कागद पसरलेले होते आणि उत्तरेच्या वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले होते. ऑक्टोबरचे दिवस. चाकोच्या या कोरड्या, सपाट मुलखात त्या दिवसांत वारा असा गरम येतो, की जणू कोणी भट्टीचे दार उघडून विसरून गेले आहे. समोरच्या रानात, अर्ध्या तासाच्या वाटेवर, ती जुनी तेलविहीर होती. पडवीतून पाहिले तर उन्हाच्या लाटांवर तिची नळी जमिनीला न टेकता तरंगत असल्यासारखी दिसायची.

आम्ही तिला नुसते 'लोखंड' म्हणायचो. बेचाळीस वर्षांपूर्वी एका कंपनीने तिथे तीन हजार मीटर खोल भोक पाडले, तेल काही लागले नाही, तेव्हा आत सिमेंट ओतून, वर झाकण बसवून ती मंडळी निघून गेली. माणसाच्या उंचीची गंजकी नळी तेवढी उरली. आमच्या गावाचे नाव यूकीरेन्दा, म्हणजे मिठाची जागा. नाव ठेवणाऱ्यांनी पाणी चाखूनच ठेवले असावे. पिण्याला पंधरा दिवसांनी टँकर, आणि तो आला नाही तर गुरांबरोबर तळ्यावर. मी इथल्या दवाखान्यात बावीस वर्षे नर्स आहे. मुतखडे आणि पोरांच्या हगवणी यांतच माझी निम्मी नोकरी गेली. पाणी समितीची चिटणीसही मीच होते, कारण माझे अक्षर बरे आहे.

आता सरकारी योजना आली होती. पडीक तेलविहिरी साफ करायच्या, खालचा भाग कायमचा बंद करायचा आणि वरच्या भागात जिथे पाण्याचा थर असेल तिथे पोलादी नळीला भोके पाडून ते पाणी गावाला द्यायचे. नवीन विहीर इतकी खोल खणणे आमच्या सात जन्मांत झाले नसते. हे भोक तयार होते. अडचण एकच. कंपनीच्या दप्तरातून फक्त रोजच्या कामाचे अहवाल सापडले होते. त्यांत दोन ठिकाणी लिहिले होते, 'पाणी वर आले, काम बंद, सामानाची वाट पाहत आहोत.' एकदा दोनशे बारा मीटरवर, दोन ते पाच ऑगस्ट. दुसऱ्यांदा तीनशे सेहेचाळीसवर, चौदा ते सतरा ऑगस्ट. त्यांतले गोडे कोणते आणि खारे कोणते, हे काही लिहिलेले नव्हते. तेल शोधणाऱ्यांना त्याचे काय!

"भोकं एकदाच पाडता येतील," इंजिनियर म्हणाला. "खाऱ्या थरात पाडली, तर ते पाणी पुन्हा बंद करायची सोय आपल्याकडे नाही. विहीर कायमची गेली समजा."

"म्हणूनच म्हणतो, दोनशे बारा. वर आहे, पंपही लहान लागेल," एलेउतेरिओ म्हणाला. समितीतली माणसे माना डोलवू लागली. लहान पंप सगळ्यांनाच आवडला होता.

"तिथलं खारट आहे," दोन्या कासिल्दा म्हणाली. "खालचं गोडं."

ती साठी उलटलेली, बुटकी, रुंद हाडांची बाई; 'दोन्या' हे गावाने मानाने लावलेले. शाळेतल्या पोरांचा नाश्ता रांधायची आणि आता या तपासणीला आलेल्या लोकांचे जेवणही तिच्याकडे होते. विहीर खणली जात होती तेव्हा ती त्या कॅम्पवर स्वयंपाकाला होती, हे गावात सगळ्यांना माहीत होते. त्यापलीकडे त्या दिवसांबद्दल ती कधी बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते.

इंजिनियरने पेन्सिल खाली ठेवली. "दोन्या कासिल्दा, बेचाळीस वर्षं झाली. दोन वेळांमध्ये जेमतेम दहा-बारा दिवसांचा फरक आहे. तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं?"

"माहीत आहे मला."

"'तिला माहीत आहे' असं मला कागदावर लिहिता येणार नाही."

"आई, राहू दे ना," समितीचा अध्यक्ष इलारियोन म्हणाला. तो तिचा थोरला मुलगा. "सकाळी चष्मा कुठे ठेवला ते तुला आठवत नाही. डॉन एलेउतेरिओचीच आठवण..."

कासिल्दाने डाव सूपच्या भांड्यात सोडला आणि ती आत निघून गेली. त्या दिवशी बाकीच्यांनी आपल्या हाताने वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तदाब पाहण्याच्या निमित्ताने मी तिच्या घरी गेले. ती मिस्तोलच्या झाडाखाली बसून कुमांदाच्या शेंगांचे दाणे निवडत होती. दुपार अशी होती, की कोंबड्यासुद्धा चोची उघड्या टाकून मातीत पडलेल्या. मी पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा पाहिला.

"वाढलंय," मी म्हटले.

"वाढणारच." तिने परात बाजूला सारली. "पोरी, हे दाणे आपल्या पाण्यात किती वेळ लागतात शिजायला?"

"चार तास. तरी टणकच."

"त्या तीन दिवसांत दीड तासात लोण्यासारखे झाले होते. सालसुद्धा दाताला लागत नव्हती. बत्तीस पुरुष जेवायला, आणि सगळे विचारतायत, आज काय घातलंस गं यात? मी काही घातलं नव्हतं. पाणी होतं ते."

ती झाडाच्या पानांकडे पाहत बोलत होती. मधूनच थांबायची, आणि मग ती जिथे होती तिथूनच पुढे बोलायची. ऐकता ऐकता मलाही समोरचे अंगण विरळ होत गेल्यासारखे वाटू लागले. त्यामागे उंच लोखंडी मनोरा, चिखलाने माखलेली माणसे आणि चुलीपाशी एकोणीस वर्षांची एक मुलगी.

दोन ऑगस्टला पहिले पाणी आले ते तोंडात धरवत नव्हते. चौदा तारखेला पुन्हा जमिनीतून घुमल्यासारखा आवाज झाला आणि नळीतून पाणी आपोआप वर चढून वाहू लागले. खणणारे लोक शिव्या देत होते, कारण खणताना भोकात सोडायचा त्यांचा चिखल पातळ होत होता. फक्त अन्सेल्मो नावाचा एक जण डोक्यावरची पत्र्याची टोपी काढून, ती काठोकाठ भरून स्वयंपाकघरापाशी आला.

"म्हणाला, चाखून बघ. मी म्हटलं, तुझ्या डोक्याच्या घामाचं पाणी मी पिऊ? म्हणाला, घाम टोपीला आहे, पाण्याला नाही. मग मी प्यायले."

ती हसली. ते हसू मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

अन्सेल्मो तिकडे डोंगरातल्या एन्त्रे रिओसचा. त्याची आई मोठ्या दुखण्यातून उठली होती, म्हणून त्याने सान रोकेला नवस बोलला होता. संताच्या दिवशी, सोळा ऑगस्टला, पिसांचा मुकुट आणि तोंडावर जाळी घालून मिरवणुकीत नाचायचा नवस. त्यासाठी त्याने सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, नळ्यांचा ट्रक आज येतो की उद्या, एकही माणूस हलणार नाही. त्याने पुन्हा मागितली. मुकादमाने पुन्हा नाही म्हटले.

"काम बंद होतं, तरी सोळाला सकाळी तो साखळी बघायला मनोऱ्यावर होता. मिरवणुकीतलं ते लांब वेळूचं वाद्य असतं ना, त्याची चाल तोंडाने वाजवत होता. मला खाली ऐकू येत होतं. मग साखळी तुटली." तिने आपल्या छातीवर हात ठेवला. "इथे लागली. मी पोचेपर्यंत संपलं होतं."

वारा थोडा पडला. लांब कुठेतरी एक गाय हंबरली.

"कॅम्पवर बाई अशी मी एकटीच. त्याला धुवायचं कोणी? मुकादमाने साबण आणून माझ्या हातात दिला. आपल्या पाण्यात साबण कसा फाटतो, माहीत आहे ना तुला, दह्यासारखा होतो. त्या दिवशी नुसता फेस. मी ओततेय, ओततेय, पाणी तर संपतच नाहीये, आणि फेस काही जात नाही. मला त्या पाण्याचा इतका राग आला, पोरी! म्हटलं, एवढं चांगलं पाणी, ते यासाठी आलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. नळ्या उतरल्या, सिमेंट ओतले, पाणी बंद झाले. अन्सेल्मोच्या घरी कळवण्यात आले, की तो दारू पिऊन रस्त्यात ट्रकवरून पडला.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मुकादम म्हणाला, तू त्याची कोण? खरंच की. कोण होते मी? एकदा त्याने मला टोपीभर पाणी दिलं. आणि आदल्या दिवशी विचारलं होतं, सुट्टी मिळाली तर माझ्याबरोबर चलशील का, आईला भेटायला. चुलीवर भांडं उतू जात होतं. मी म्हटलं, एवढं उतरवते आणि सांगते."

मी तिचा हात हातात घेतला. नाडी पाहण्याच्या निमित्ताने.

नंतर मी म्हटले, "मी इंजिनियरला सांगते. तुमचं नाव नको. कॅम्पवरच्या एका जुन्या माणसाने सांगितलं, एवढंच म्हणते. इलारियोनला कळायचं कारण नाही."

ती बराच वेळ दाणे निवडत राहिली. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"नको," ती म्हणाली. "एकदा गप्प बसून झालंय."

शनिवारी सभा भरली. कासिल्दाने आधी सगळ्यांना वाढले, मग कमरेचे फडके सोडून घडी करून टेबलावर ठेवले आणि उभी राहिली. मला सांगितले होते तेच तिने सांगितले, थोड्या शब्दांत, साबण आणि फेस सोडून. पण तो मेला, कोणत्या दिवशी मेला, कंपनीने काय सांगितले आणि आपण गप्प का बसलो, हे सगळे सांगितले. इलारियोन जमिनीकडे पाहत होता.

"सान रोकेचा दिवस माणूस विसरत नाही," शेवटी ती म्हणाली. "मी तरी नाही. त्या दिवशी ते पाणी वाहत होतं, आणि ते गोडं होतं. आता लिहिता येईल का, इंजिनियर?"

इंजिनियरने कागदावरचा दगड उचलला, सोळा ऑगस्टची ओळ पुन्हा वाचली. 'काम बंद, सामानाची वाट पाहत आहोत.' एवढेच होते. एक माणूस मेल्याचा शब्दही नव्हता.

सगळ्यांच्या नजरा एलेउतेरिओकडे गेल्या. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. आमच्या गावात त्याने कधी माघार घेतलेली कोणी पाहिली नव्हती.

"माझ्या दोन शेळ्या मेल्या होत्या त्या ऑगस्टात," तो सावकाश म्हणाला. "सुरुवातीलाच. आम्ही म्हटलं, काहीतरी विषारी पाला खाल्ला असेल. बाबांनी मला फोडून काढलं होतं. पालाच होता की काय, आता देव जाणे. लिहा. तीनशे सेहेचाळीस लिहा."

सभा उठल्यावर इलारियोन आईजवळ गेला. मी भांडी गोळा करत होते, म्हणून मला ऐकू आले.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"कधीच सांगितलं नाहीस?"

"तुझे बाबा चांगले माणूस होते. त्यांना दुःख झालं असतं, आणि उपयोग काही नव्हता."

इलारियोनने ते मोठे, जड भांडे दोन्ही कानांना धरून उचलले आणि तिच्या घरापर्यंत नेले. बावीस वर्षांत त्याने स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला यंत्र आले. झाकण कापले, आतले सिमेंट फोडले, खाली नवे सिमेंट बसवले. मग तारेला बांधून सुरुंगाच्या दारूच्या गोळ्या खाली सोडल्या, मोजून तीनशे सेहेचाळीस मीटरवर. अख्खे गाव रानात उभे होते. मोठा स्फोट होईल अशी आमची अपेक्षा होती. पण पायांखाली एवढासाच आवाज झाला, खालच्या घरात कोणी दार लोटून घेतल्यासारखा.

पहिल्यांदा वर आले ते काळे होते. शाई आणि गंज आणि कुजलेल्या अंड्याचा वास. दुसऱ्या दिवशी राखाडी. "घ्या, समुद्र आणला म्हातारीने," कोणीतरी मागून म्हणाले. कासिल्दाने ऐकले, पण वळून पाहिले नाही. ती दोन्ही दिवस तिथेच एका ओंडक्यावर बसून होती. इलारियोनने तिच्यासाठी आणलेली छत्री ती मांडीवर मिटूनच ठेवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पांढुरके झाले, आणि दहाच्या सुमाराला नितळ. कोमट होते, आई बाळाला आंघोळ घालते तेवढे. इंजिनियर म्हणाला, तपासणीचा कागद येईपर्यंत कोणी पिऊ नका. सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळेच प्याले. तोही प्याला. एलेउतेरिओने तर तोंड धुतले, डोके धुतले आणि मग ओल्या डोक्यावर टोपी घालून म्हणाला, "लहान पंपावरचं चवीला आणखी बरं लागलं असतं."

लोक हसत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते, बायका रडत होत्या. कासिल्दा नळीजवळ गेली. तिने दोन्ही हात पाण्याखाली धरले, कोपरापर्यंत, आणि तसेच धरून ठेवले. प्यायली नाही. ती डोळे मिटून उभी होती, झोपेत चालता चालता थांबल्यासारखी. इलारियोनने बायकांना जरा मागे सरायला सांगितले.

दहा दिवसांनी कागद आला. पाणी चांगले होते. इंजिनियरने आपल्या अहवालात, शेरा लिहितात त्या जागी, एक ओळ जास्तीची लिहिली: 'सोळा ऑगस्ट रोजी येथे काम करताना एन्त्रे रिओसच्या अन्सेल्मो नावाच्या कामगाराचा मृत्यू झाला होता, जुन्या अहवालात त्याची नोंद नाही.' त्याने ती मला वाचून दाखवली. जवळच्या विया मोन्तेस शहरातल्या रेडिओवाल्यांनी आमच्या पाण्याची बातमी दिली तेव्हा तीही ओळ वाचली, आणि हे सांगणाऱ्या कासिल्दाचे नावही घेतले.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळच्या बसमधून काळी फेल्टची टोपी घातलेली एक म्हातारी उतरली. हातात पिशवी, पायांत नवीन, चावणारे बूट. दवाखान्याच्या दारात उभी राहून तिने विचारले, "इथे कासिल्दा नावाची कोण राहते?"

ती अन्सेल्मोची बहीण. ब्रिहिदा. बातमी तिच्या नातीने ऐकली होती. दोन बस बदलून, एक रात्र विया मोन्तेसच्या थांब्यावर बसून काढून ती आली होती.

मी तिला कासिल्दाकडे घेऊन गेले. दोघी समोरासमोर बसल्या. कासिल्दाने पाण्याचा पेला पुढे ठेवला. ब्रिहिदाने तो हातात घेतला, पण ओठांना लावला नाही.

"आम्हाला सांगितलं होतं, पिऊन पडला," ती म्हणाली. "सान रोकेच्याच दिवशी. आई म्हणायची, माझ्यासाठी बोललेला नवस टाकून पोरगा दारू प्यायला, म्हणून संताने नेला. मरेपर्यंत तिने त्याच्या नावाने मेणबत्ती लावली नाही. मलाही लावू दिली नाही."

"एक थेंब घेतला नव्हता त्याने," कासिल्दा म्हणाली. "नवसाला जायचं म्हणून सुट्टी मागितली होती. त्यांनी दिली नाही."

"मागितली होती?"

"दोनदा. माझ्यासमोर."

"दोनदा," ब्रिहिदा म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळूच, "दोनदा मागितली होती." आणि तिने पेला तोंडाला लावून एका दमात संपवला.

थोड्या वेळाने तिने विचारले, "तुम्ही त्याच्या कोण?"

"मी तिथली स्वयंपाकीण."

ब्रिहिदाने तिच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. "मग पोटभर जेवत होता ना माझा भाऊ?"

"पोटभर. मागून घ्यायचा."

मी उठले. दवाखान्यात पेशंट ताटकळत होते. जेवणे झाल्यावर त्या दोघी रानातल्या विहिरीपाशी जाऊन आल्याचे मला नंतर कळले. तिथे काय बोलल्या, काय केले, ते मी विचारले नाही.

परतीची बस चारला होती. पावणेचारला मी घाईघाईने कासिल्दाच्या अंगणात शिरले. मिस्तोलखालच्या खाटेवर ब्रिहिदा एका कुशीवर झोपली होती. नवीन बूट काढून खाटेखाली नीट जोडून ठेवले होते, तोंड थोडेसे उघडे होते आणि काळी टोपी पोटाशी धरलेली होती. कासिल्दा उशाशी छोट्या स्टुलावर बसून वर्तमानपत्राच्या घडीने तिच्या चेहऱ्यावरच्या माश्या वारत होती.

"बस आली," मी म्हटले. "वळणावर धूळ दिसतेय."

कासिल्दाने ओठांवर बोट ठेवले.

"शुक्रवारी पण असते," ती कुजबुजली, आणि वारा घालत राहिली.